दत्तक बाळाचं गाव आधी समजून घ्या

परदेशात स्थायिक झालेली मराठी जोडपी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवतात, तेव्हा तयारीतला एक भाग हमखास गाळला जातो. तो म्हणजे बाळाच्या जन्मदेशाची ओळख. परदेशी दत्तकाचे नियम घालणाऱ्या हेग करारानुसार दत्तक घेणाऱ्या अमेरिकेतल्या आईवडिलांना किमान १० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ज्या देशातून मूल येणार, तिथल्या मुलांची परिस्थिती काय असते, हा त्यातला एक विषय. वर्गातली अमेरिकन जोडपी टिपणं काढतात आणि आपल्या मनात येतं, यात आपल्याला काय नवीन कळणार? आपण तर तिथलेच. जन्म सांगलीचा, शिक्षण पुण्यात, दर दोन वर्षांनी भारतात फेरी, घरी मराठी बोलतो, गणपती बसवतो.

हा समज बाळाला महागात पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला ठाऊक असलेला भारत आणि बाळ ज्या भारतातून येणार आहे तो, हे दोन्ही एकच असतील अशी कोणतीही खात्री नाही. बहुतेक वेळा ते एक नसतातच. आणि ज्याला आपण अनोळखी आहोत याची जाणीव असते तो विचारतो. ज्याला सगळं माहीत आहे असं वाटतं तो विचारतच नाही.

कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक जोडप्यांना भारतात राहणाऱ्या जोडप्यांच्याच प्रतीक्षायादीत धरतं. सगळा कारभार देशभरच्या एका पोर्टलवरून चालतो. मूल नाशिकचं असू शकतं, तसंच ते ओडिशाचं, झारखंडचं, तामिळनाडूचं किंवा आसामचंही असू शकतं. मुलाचा फोटो, चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट समोर आला की होकार-नकार कळवायला मिळणारी मुदत थोडी असते. त्या दिवसांत डॉक्टरांचं मत घ्यायचं, घरच्यांशी बोलायचं, झोप उडालेली असते. जिल्ह्याचा इतिहास वाचायला तेव्हा कोणाला सवड होणार? म्हणून अभ्यास आधी हवा. नोंदणीनंतर वाट पाहण्यात वर्षं जातात, ती याच कामासाठी वापरा.

अभ्यास म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणाने सांगते. समजा, न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याला राउरकेल्याची चार वर्षांची मुलगी मिळाली. राउरकेला ओडिशात आहे, इतकं बहुतेकांना माहीत असतं. पण ओडिशा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात जगन्नाथपुरी आणि कोणार्क. राउरकेला आहे सुंदरगड जिल्ह्यात, पुरीपासून खूप दूर, झारखंड आणि छत्तीसगडच्या सीमेजवळ. मुंडा, ओरांव, खडिया, किसान या आदिवासी समाजांचा हा मुलूख. १९५० च्या दशकात जर्मन सहकार्याने इथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरातून कामगार आले. त्यामुळे शहरात ओडिया, हिंदी, सादरी, मुंडारी, कुडुख अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. ख्रिस्ती वस्ती मोठी आहे, नाताळ दणक्यात साजरा होतो. आणि हॉकी! भारतीय संघाचे माजी कर्णधार दिलीप तिर्की याच जिल्ह्यातले. २०२३ च्या पुरुष हॉकी विश्वचषकाचे सामने राउरकेल्यात बिरसा मुंडा यांच्या नावाने बांधलेल्या स्टेडियमवर झाले. उद्या शाळेत कोणी विचारलं, तू कुठली, तर या मुलीला ‘इंडिया’ एवढंच सांगावं लागेल की ‘जिथे हॉकीपटू घडतात तिथली’ असंही अभिमानाने सांगता येईल, हे आईबाबांनी काय वाचलंय यावर ठरेल.

आता भाषा. चार वर्षांची मुलगी बोलती असते. तिला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. आपण मायेने मराठीत बोलतो आणि आपल्याला वाटतं, आपली भाषा, तिला जवळची वाटेल. तिच्यासाठी मराठी इंग्रजीइतकीच परकी आहे. विमानातून उतरून दोन परक्या भाषांच्या घरात गेलेलं मूल पहिले काही आठवडे गप्प राहतं, नाहीतर किंचाळतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. त्यामुळे माझा सगळ्यात मोठा आग्रह भाषेचा आहे. व्याकरण नको. पन्नाससाठ वाक्यं पुरतात: भूक लागली का, पाणी हवंय का, कुठे दुखतंय, शूला जायचंय का, घाबरू नकोस, मी इथेच आहे, उद्या पुन्हा भेटू. ओडियात भूक लागली आहे हे ‘भोक लागुछि’ असं म्हणतात. मराठी माणसाला ते शिकायला असा किती वेळ लागणार? मात्र मूल ज्या संस्थेत आहे तिला आधी विचारा की मुलांशी तिथल्या सांभाळणाऱ्या मावश्या कुठल्या भाषेत बोलतात. सुंदरगडमधल्या संस्थेत ती प्रमाण ओडिया असेल, संबलपुरी असेल, सादरी किंवा हिंदीही असेल. राज्याची राजभाषा पाठ करून गेलात आणि मुलाला ती कळलीच नाही, असं होऊ नये.

दुसऱ्या देशात गेलेलं लहान मूल पहिली भाषा काही महिन्यांत विसरतं. तेवढ्या महिन्यांपुरतीच ती वाक्यं उपयोगी पडतील, असं कोणी म्हणेल. मला वाटतं, तेच महिने सगळ्यात कठीण असतात.

जेवणाचंही तसंच. वरणभात-तूप-लिंबू हे आपल्याला जगातलं सर्वांत सोज्वळ अन्न वाटतं. सुंदरगडच्या मुलीला कदाचित पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला आंबूस भात, ओळखीचा असेल. नाचणीला तिथे मांडिया म्हणतात, तिची पेज ओळखीची असेल. बांबूचे कोंब घातलेली आंबट आमटी तिने खाल्ली असेल, फोडणीतल्या मोहरीच्या तेलाचा वास तिच्या नाकात बसलेला असेल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या भारतीय दुकानात मोहरीचं तेल मिळतं, नाचणीचं पीठ मिळतं. पहिल्या महिन्यात घराला त्या वासाची सवय करून घ्या. ती पोळी खात नाही म्हणून काळजी करत बसण्याची गरज नाही, भाताच्या मुलखातली मुलगी आहे.

सणांबाबत एक सुरेख योग सांगते. पश्चिम ओडिशाचा सर्वांत मोठा सण नुआखाई. नव्या भाताचा पहिला घास देवाला दाखवून मग घरच्यांनी खायचा आणि धाकट्यांनी थोरांना ‘जुहार’ करायचा. हा सण येतो भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी. आपल्या घरी गणपती असतातच. ऋषिपंचमीला तांदळाची खीर करून नुआखाईचा जुहार करायला वेगळी सुट्टी काढावी लागत नाही, वेगळा खर्च नाही. हे जुळतं हे कळायला मात्र कोणीतरी आधी पंचांग आणि त्या जिल्ह्याची माहिती शेजारी ठेवून पाहायला हवं. अमेरिकेत ओडिया मंडळी १९६९ पासून ‘ओडिशा सोसायटी ऑफ द अमेरिकाज’च्या माध्यमातून एकत्र येतात. मूल येण्याआधीच अशा एखाद्या संमेलनाला जा, दोन कुटुंबांशी ओळख वाढवा. तामिळ मूल असेल तर तामिळ संघम, आसामी असेल तर बिहूचा मेळावा. आपलं महाराष्ट्र मंडळ आहेच, पण ते एकच मंडळ पुरणार नाही.

पण जिल्हा समजून घेतला म्हणजे सगळं समजलं असं नाही. बहुतेक मुलं घरातून येत नाहीत, संस्थेतून येतात, आणि संस्था हाच त्यांचा मुलूख असतो. तिथला दिवस घड्याळावर चालतो. दहाबारा मुलं एका खोलीत झोपतात, कधी जमिनीवर अंथरुणं घालून, रात्रभर दिवा चालू. जेवणाआधी प्रार्थना असते. कुठे श्लोक, कुठे ख्रिस्ती प्रार्थना. अंघोळ रांगेत. अशा मुलाला वेगळ्या खोलीत, अंधारात, मऊ गादीवर एकटं झोपवलं तर ते रडेल नाहीतर काय करेल? तिथल्या मावशीशी फोनवर बोलायची परवानगी मिळवा आणि बारीकसारीक विचारा. झोपताना काय लागतं? कोणतं गाणं म्हणतात? डोक्याला कोणतं तेल लावता? कोणाशी गट्टी आहे, त्या मैत्रिणीचं नाव काय? कशाची भीती वाटते? जमलं तर मावशीच्या आवाजात ते गाणं रेकॉर्ड करून घ्या, खोलीचे, अंगणाचे, फाटकाचे फोटो घ्या. वापरातली चादर किंवा खेळणं मिळालं तर न धुता आणा. संस्थेत ठेवलेलं नाव शक्यतो टाकू नका. आपल्याला हवं ते नाव जोडा, पण ज्या हाकेला मूल मान वळवतं ती हाक राहू द्या. मूल ख्रिस्ती प्रार्थना म्हणत असेल तर म्हणू द्या. हिंदू घरात त्याने काही बिघडत नाही.

आरोग्याच्या बाबतीत जिल्ह्याची माहिती थेट उपयोगाची ठरते. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड आणि आपल्या विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियानच सुरू केलं. परदेशातल्या बालरोगतज्ज्ञाला हे ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा ती तपासणी आपणहून मागा. थॅलेसेमिया, रक्तक्षय, हिपॅटायटिस बी, जंत, रक्तातलं शिशाचं प्रमाण याही तपासण्या करून घ्या. भारतात बाळाला जन्मल्यावर बीसीजी देतात, त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी फसवी येऊ शकते. डॉक्टरांना हे सांगून रक्ताची चाचणी करून घेता येते. आणखी एक, पाश्चात्त्य देशांत राहणाऱ्यांनी विसरू नये असं: आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात. माहिती नसलेल्या शिक्षिकेला किंवा नर्सला ते मारहाणीचे वळ वाटू शकतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून त्यांची नोंद करून ठेवा. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असते, हेही ध्यानात ठेवून शाळेची इयत्ता ठरवा.

मूल संस्थेत कसं आलं, हे समजून घेणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. कायद्याच्या भाषेत तीन वाटा आहेत: अनाथ, परित्यक्त, आणि जन्मदात्यांनी बालकल्याण समितीपुढे येऊन सोपवलेलं मूल. सोपवणाऱ्या आईवडिलांना बाल न्याय कायद्याने निर्णय बदलायला दोन महिने दिले आहेत. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा शोध घेतला जातो, वृत्तपत्रात फोटोसह निवेदन येतं. त्यानंतरच बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते, दोन वर्षांखालच्या मुलाला दोन महिन्यांत आणि मोठ्याला चार महिन्यांत. त्या निवेदनाचं कात्रण मिळत असेल तर जरूर मागून घ्या. मुलाच्या आयुष्यातला तो एक छापील पुरावा असतो आणि वीस वर्षांनी तो शोधणं कठीण जातं.

पण कागदामागे माणसं असतात. अविवाहित आईला गाव आणि घर जगू देत नाही. आजारी मुलाच्या उपचाराचा खर्च पेलत नाही. घरात आधीच मुली असतात. भारतातून दत्तक जाणाऱ्यांत मुलींची संख्या वर्षानुवर्षं मुलग्यांपेक्षा जास्त राहिली आहे, याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. त्या जिल्ह्यातल्या बायकांची स्थिती वाचा, रोजगारासाठी होणारं स्थलांतर वाचा, फकीरमोहन सेनापती आणि गोपीनाथ महांती यांच्या ओडिया कादंबऱ्यांचे अनुवाद वाचा. मग ‘तुला टाकून दिलं होतं’ हे शब्द आपल्या तोंडून कधीच निघणार नाहीत. जन्मदात्या आईबद्दल घरात एकही कडवट वाक्य उच्चारलं जाऊ नये, कारण मूल त्या वाक्यात स्वतःला ऐकतं.

नातेवाईकांची तयारी हाही याच अभ्यासाचा भाग. सांगलीची आजी विचारणार, जात कोणती? पत्रिका केली का? रंग कसा आहे? या प्रश्नांची उत्तरं तुम्ही गोड बोलून टाळत राहिलात, तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत ते प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतील. व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना, काका-आत्यांना एकदाच बसवून सांगा: जातीची चौकशी होणार नाही, जन्मवेळ माहीत नाही, रंगावर शेरा चालणार नाही. मूल आपल्यापेक्षा सावळं असेल, नाकडोळे वेगळे असतील, आणि परदेशातल्या आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी ते बोलून दाखवेल. तिथेही उत्तर तयार हवं. आजीला मात्र कामाला लावा. मांडियाची पेज नुआखाईला कशी गोड करता येईल ते तिलाच शोधू द्या. प्रेम असंच जडतं.

भारतातून बाहेर गेलेल्या दत्तकांचा इतिहास सुखाचाच आहे असं नाही, आणि तोही वाचायला हवा. परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांची तक्रार करणारं एक पत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निकाल आला. मुलाला आधी देशातच घर मिळावं, पैशाचा व्यवहार होऊ नये, हे दंडक तिथून आले. पुढे १९९३ चा हेग करार झाला, भारताने २००३ मध्ये त्याला मंजुरी दिली. त्या कराराचं कलम १६ मुलाच्या वांशिक, धार्मिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीचा विचार करायला सांगतं, तर कलम ३० त्याच्या मुळाची माहिती जपून ठेवायला. दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून सुमारे दोन लाख मुलं परदेशी दत्तक गेली. आता ती मोठी होऊन बोलताहेत, लिहिताहेत. त्यांच्यातल्या अनेकांचं दुःख असं की घरात प्रेम होतं, पण कोरिया नव्हता. त्यांचं म्हणणं वाचल्याशिवाय नोंदणी करू नये, असं मी म्हणेन.

दोन उदाहरणं आपल्या जवळची. सरू ब्रायर्ली हा खांडव्याचा मुलगा १९८६ मध्ये रेल्वेत झोपी गेला आणि कोलकात्याला पोहोचला. त्याला आपल्या वस्तीचं नाव धड सांगता येत नव्हतं. तो दत्तक गेला ऑस्ट्रेलियात, टास्मानियात. तिथल्या आईने त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावला आणि त्याला आठवणारं गाव, रस्ता, पाण्याची टाकी हे सगळं वहीत उतरवून ठेवलं. सुमारे पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, उपग्रहाच्या नकाशांवर स्टेशनं शोधत तो जन्मदात्या आईपर्यंत पोहोचला. दुसरी, ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर. १९७९ मध्ये पुण्यात जन्मली, ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेली, वडील मुंबईकर, आई इंग्लिश. मोठेपणी तिने त्या संस्थेला भेट दिली आणि २०१३ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियासाठी मुंबईतच जिंकला. दोघांच्याही घरी जन्मगावाबद्दल मोकळेपणा होता. मूल जे सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा, उच्चार चुकीचा वाटला तरी जसाच्या तसा.

मूल आणायला जाल तेव्हा दिल्लीहून विमानाने जाऊन दोन दिवसांत परत फिरू नका. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, काराचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा याला वेळ लागतोच. त्यातला शक्य तेवढा काळ त्याच जिल्ह्यात काढा. बाजारात हिंडा, बसने एखाद्या गावी जा, शाळा, नदी, स्टेशन यांचे फोटो काढा, तिथल्या मातीचं मडकं, तिथली साडी विकत घ्या. जन्मदात्यांचा शोध मात्र तुम्ही घेऊ नका. त्यांची ओळख कायद्याने जपलेली असते. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्ती स्वतः मुळांच्या शोधासाठी अर्ज करू शकते, त्याआधी आईवडिलांसोबत संयुक्त अर्ज करता येतो, तिऱ्हाईताला परवानगी नाही. तुमचं काम कागद सांभाळण्याचं. सगळ्या कागदांच्या तीन प्रती, एक तुमच्याकडे, एक भारतातल्या विश्वासू नातेवाइकाकडे, एक डिजिटल.

घरी आल्यावर दोन वर्षं समाजसेविका भेटीला येत राहतील, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, आणि अहवाल भारतात जातील. त्यांना परीक्षक समजून घर आवरून दाखवू नका. मूल रात्री उठून रडतं, जेवण लपवून ठेवतं, हे मोकळेपणाने सांगा. मदत तिथूनच मिळते.

तुमची नोंदणी झालेली असेल, तर पहिल्या महिन्यात एवढं करा: ज्या तीनचार राज्यांतून मूल येण्याची शक्यता वाटते त्यांच्या मंडळांचे पत्ते काढा, डॉक्टरांशी बोला, घरच्यांना बसवून स्पष्ट सांगा. आणि राज्य व जिल्हा कळला की त्याच दिवशी ती भाषा बोलणारं माणूस शोधून शिकवणी सुरू करा.